पाय बदलणारी मुलगी

सिनेमा पडला हे आम्हाला शुक्रवारी दुपारीच कळलं. पडणं या शब्दात निदान आवाज तरी आहे. आमचा सिनेमा आवाज न करता पडला. पुण्यातल्या आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत सकाळी पेढे आणून ठेवले होते, त्यांची दोरीसुद्धा कुणी सोडली नाही. सगळे आपापल्या मोबाइलवर तिकिटांचं ॲप उघडून बसले होते. त्यात प्रत्येक थिएटरमधल्या खुर्च्यांचा नकाशा दिसतो. विकलेली खुर्ची करडी, रिकामी हिरवी. आमचे सगळे नकाशे हिरवेगार होते. माझ्यासारख्या ऊस पिकवणाऱ्याच्या पोरीला हिरव्या रंगाचं भय वाटावं असा दिवस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सिनेमा लहान मुलांचा, म्हणजे पोस्टरवर लिहिल्याप्रमाणे 'सहकुटुंब' बघण्याचा. धरणाच्या पाण्याकाठी राहणारी एक मुलगी, थव्यातून मागं राहिलेला एक रोहित पक्षी, आणि त्याला थव्यापर्यंत पोचवण्यासाठी तिनं केलेली पायपीट. गोष्ट माझी नव्हती. पाणी, पक्षी, काठावरचा चिखल हे मात्र मी दिलं. उजनीच्या पाण्याशेजारी, डाळजला वाढले असल्यामुळं ते माझ्याकडं फुकटात होतं. आणि त्या मुलीची चाल मी काढली होती. ती चाल माझ्या बहिणीची होती आणि हे स्टुडिओत कुणालाच ठाऊक नव्हतं.

बहिणीचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या घरात ते घेत नाहीत. ती गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, मी तीनची असेन. लहान लेकरू गेलं की त्याचं काही मागं ठेवायचं नाही, अशी आमच्या घरातली रीत. कपडे, दप्तर, बांगड्या, सगळं पाण्यात सोडलं. शाळेत काढलेला एक फोटो होता म्हणे, तोही त्यातच गेला. आईला कुणी विचारलं, लेकरं किती, की ती 'एकच' म्हणते, पण म्हणायच्या आधी जरा थांबते. त्या थांबण्यावरूनच लहानपणी मला कळलं की आमच्या घरात अजून कुणीतरी आहे. त्यामुळं मी कधी एकटी वाढलेच नाही. ताट घेतलं की शेजारी जागा सोडून बसायची सवय मला लागली ती कशी, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

माझ्याकडं तिचं एकच चित्र आहे. मातीची वाट, उन्ह, आणि पाठमोरी ती. दर पावलाला एका अंगाला कलते, पुन्हा वर येते, पुन्हा कलते. चेहरा नाही. आवाज नाही. फक्त ते कलणं, आणि ते मी कधीही डोळे मिटले तरी दिसतं. शाळेत असताना एकदा चुलतीला विचारलं, थोरलीचा पाय अधू होता का गं? चुलती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"गप. तिचं काढू नगं," ती म्हणाली.

मी ते हो असं धरलं. खोटं असतं तर ती 'काहीतरीच काय' म्हणाली असती. आमच्याकडं लोक गप बसवतात ते खऱ्यालाच.

ॲनिमेशनमध्ये माणसाला चालवायचं म्हणजे दोन पावलांची चित्रं काढायची आणि तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. ती दोन पावलं एकदा जमली की ते पात्र जन्मभर चालू शकतं. दिग्दर्शकानं मुलीची चाल माझ्याकडं सोपवली तेव्हा मी फार विचार केला असं नाही, हातानंच काढली. काढून झाल्यावर पहिल्यांदा फिरवली. ती चालत होती. जिचा चेहरा मला माहीत नाही ती माझ्या टेबलावर, माझ्याकडं पाठ करून चालत होती. मी बटण दाबून तिला थांबवलं. मग थांबवलं म्हणून वाईट वाटलं आणि पुन्हा चालू केलं. त्या दिवशी डबा खायला गेले तीसुद्धा तिला चालतं ठेवून. परत आले तर शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, बंद करून जात जा ना, उगाच कुणीतरी खोलीत आहे असं वाटत राहतं.

दिग्दर्शकाला वाटलं, मी काहीतरी कलात्मक केलंय. "लंगडते का ती?"

"थोडी."

"पण गोष्टीत त्याचं कारण नाहीये."

"गावात जी माणसं लंगडतात त्यांना तुम्ही कारण विचारत जाता का?" मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे, तिच्यापायी दोन नोकऱ्या गेल्यात. तो हसला आणि राहू दे म्हणाला.

पण एक किडा डोक्यात शिरला होता तो गेला नाही. ही चाल खरंच तिची, की मी रचलेली? तीन वर्षांच्या पोरीची आठवण ती काय आणि तिचा भरवसा किती. पाय अधू होता असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, नव्हता असंही नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. थोरले चुलते, आबा, आणि चुलती आहेत, पण आईच्या आधी ते तोंड उघडणार नाहीत. सांगू शकणारं माणूस एकच, ती आई, आणि तिला विचारायचं धाडस मला होत नव्हतं. कारण चाल खोटी निघाली तर माझ्याकडं तिचं काहीच उरणार नव्हतं. एवढं एक कलणं, तेही गेलं असतं.

त्यात शेवटच्या महिन्यांत घाई झाली आणि बरेच शॉट बाहेरच्या लोकांना करायला दिले. त्यांनी सोपा मार्ग काढला. मुलगी डावीकडून उजवीकडं चालतानाची चित्रं तयार होती, तीच उलटी केली की ती उजवीकडून डावीकडं चालते, आरशात दिसावी तशी. इतर कुठल्याही पात्राला हे खपतं. हिला खपत नाही, कारण तिचं कलणारं अंगच बदलतं. मी बोंब मारली. पोरांच्या लक्षात येणार नाही, असं उत्तर मिळालं.

पोरांच्या नाही आलं. समीक्षकांच्या आलं. एका पेपरनं दोन तारे दिले, त्यातला एक पाण्याला होता. दुसऱ्यानं लिहिलं की नायिका एका प्रसंगात डाव्या पायानं लंगडते आणि पुढच्यात उजव्या, तेव्हा कुठला पाय दुखतो ते आधी ठरवून घ्यायला हवं होतं. तिसऱ्याच्या मते ही लंगड म्हणजे सहानुभूती उकळायची स्वस्त युक्ती, कथेत तिला आगापिछा नाही. एका वेबसाइटवर कुण्या बाईनं मात्र लिहिलं की बाकी सगळं विसरले, पण ती चाल घरापर्यंत मागं मागं आली. ते मी दोनदा वाचलं. माझ्या तर ती किती वर्षं मागं होती.

मग कुणीतरी ते दोन शॉट एकापुढं एक जोडले, त्यावर ढोलकी टाकली आणि रील करून सोडलं. 'पाय बदलणारी मुलगी'. सिनेमा बघायला कुणी फिरकलं नाही, पण ते रील घरोघरी पोचलं. माझी मेलेली बहीण ढोलकीच्या तालावर लंगडत गावोगाव हिंडली. ज्यानं ते केलं तो समोर आला असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती, आणि मला त्याचा पश्चात्तापही झाला नसता.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळचे खेळ काढून घेतले. राहिले ते सकाळचे, आणि तेही कुणी आलं तर. मी रोज ॲप उघडायची. लोक म्हणत, गल्ला बघतेस का? गल्ल्याशी मला काय घेणं. आज ती कुठं कुठं चालणार आणि कुठं चालणारच नाही, ते मी बघत होते. एकदा हडपसरला मी एकटीच जाऊन बसले. एवढ्या मोठ्या पडद्यावर ती माझ्याकडं पाठ करून चालली होती आणि माझ्या मागं सगळ्या रिकाम्या खुर्च्या होत्या. मध्येच मला वाटलं, मागं कुणीतरी बसलंय. वळून बघायचा धीर झाला नाही. सिनेमा संपायच्या आधीच मी बाजूच्या दारानं बाहेर पडले.

आबांचा फोन आला तो त्याच आठवड्यात.

"तुझी आई म्हणती, तो शिनिमा बघायचाय."

आई आणि सिनेमा? टीव्हीवरच्या मालिकेत कुणी मोठ्यानं बोललं तरी ती उठून गोठ्यात जाते. मी विचारलं, "तिला कुणी सांगितलं?"

"शेजारच्या पोरानं मोबाइलवर ते लंगडीचं दावलं. हसायला म्हणून दावलं बिचाऱ्यानं. तिनं मोबाइलच काढून घेतला त्येचा. परत लाव म्हणती, परत लाव म्हणती. सकाळधरनं जेवली न्हाय. तू यी."

मी पहाटेच्या एसटीनं गेले. भिगवणच्या अलीकडं पाणी दिसायला लागलं तेव्हा वाटलं, उतरून परतीची गाडी धरावी. आईनं ओळखलं असेल तर का ओळखलं, आणि नसेल ओळखलं तर जेवली का नाही? घरी पोचले तर ती नवी साडी नेसून ओसरीवर तयार बसली होती. मला काही विचारलं नाही. मीही नाही. आबांनी गाडी काढली आणि आम्ही तिघं बारामतीला निघालो. रस्ताभर आई खिडकीबाहेर बघत होती आणि आबा उसाच्या नव्या जातीबद्दल बोलत होते, जे कुणी ऐकत नव्हतं.

बारामतीत एका थिएटरमध्ये सकाळचा एक खेळ अजून टिकून होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे नवे सिनेमे, म्हणजे तोही जाणार. काउंटरवरच्या तरुणानं आमच्याकडं आणि मग आमच्या मागच्या रिकाम्या दालनाकडं पाहिलं. "पाच तरी लागतात, मॅडम. तिघांसाठी मशीन लावत नाहीत."

मी सगळी तिकिटं काढते म्हणाले. तो म्हणाला, तिकिटं नाही, माणसं लागतात, वरून तसं सांगितलंय. मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "माणसं व्हय? आणतो की." आणि ते एसटी स्टँडकडं निघून गेले. ऊस तोडायला टोळी आणावी तितक्याच सहज ते एक कुटुंब घेऊन आले. वालचंदनगरचे एक म्हातारे गृहस्थ, कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांची बायको आणि सून. दवाखान्याचं काम उरकून बसची वाट बघत बसले होते.

"ह्यांना म्हणलं, उन्हात बसण्यापरीस गारव्यात बसा. बघितलं तर बघा, न्हाय तर झोपा," आबांनी मला सांगितलं. गृहस्थांनी दुसरा पर्याय निवडला आणि दिवे गेल्याबरोबर अमलात आणला.

आई ताठ बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, देवळात बसावं तशी. मी पडद्याकडं बघतच नव्हते. तिच्याकडं बघत होते. मुलगी पहिल्यांदा चालायला लागली आणि आईचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला. पक्षी बोलला, मासे नाचले, एक गाणं झालं, मागच्या रांगेतली सासू त्या पक्ष्याला अधूनमधून सल्ला देत होती. आईला त्यातलं काही दिसत नव्हतं. मुलगी चालली की ती बघायची, थांबली की खाली मान घालायची. मग तो उलटा शॉट आला. मागची सून हसली. "अगं बाई, पाय बदलला की हिनं."

"व्हय," आई हळूच म्हणाली. "बदलायचीच."

मी तिच्या कानाशी लागून समजवायला लागले, की ती चूक आहे, चित्रं उलटी केली त्यामुळं तसं दिसतंय. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

सिनेमा संपल्यावर आबा त्या कुटुंबाला स्टँडवर सोडायला गेले. आम्ही दोघी थिएटरच्या पायऱ्यांवर सावलीत बसलो. आई समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"तिच्या पायाला काय झालं न्हवतं," ती म्हणाली.

एवढी वर्षं ज्याच्या आधारानं मी बहीण होते ते एका वाक्यात गेलं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, कुणाचा ते कळेना.

"सरळ हुती ती. पळाया लागली तर पोरांना घावत न्हवती."

"मग मी काय काढलंय, आई?"

"तू कडंवर असायचीस तिच्या." ती अजून रस्त्याकडंच बघत होती. "आमी दोघं दिसभर उसात. तू झालीस तवापासनं तुला तिनंच वागवली. नऊ वर्साची पोर ती, आन तू ही एवढी गुटगुटीत. कलणार न्हाय तर काय. ही कड दुखली की त्या कडंवर घ्यायची. खाली म्हणून ठिवायची न्हाय, माती खातीस म्हणून."

म्हणजे पाय बदलण्यात काही चूक नव्हती. ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली तेच खरं होतं. मला दिलासा वाटायला हवा होता, पण एक गोष्ट बसत नव्हती. "मी तिला मागून बघितलंय, आई. पाठमोरी चाललीय. कडेवर कुणी नाही. मी कडेवर असेन तर मला ती मागून कशी दिसेल?"

आईनं पदराचं टोक हातात घेतलं आणि चुरगाळलं.

"ताप चढला तवा तुला तिच्याकडनं काढून घेतली," ती म्हणाली. "सोडत न्हवती. हितं बारामतीलाच आणायची हुती, दवाखान्यात. गाडी हायवेला उभी. मी म्हणलं, उचलून घिती, तर न्हाय म्हणली, चालती म्हणली. तुला चुलतीकडं दिली हुती. तू तिच्या हातनं सुटलीस आन भोकाड पसरून आमच्या मागनं आलीस. ती म्होरं. कड रिकामी हुती, तरी तशीच कलून चालली हुती. अंगाला सवय झालती." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "ती जाताना बघितलीयस तू. तेच काढलंस. जसंच्या तसं."

ती गेली ती परत आली नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण त्या वाटेवर ती कुठं चालली होती हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी टेबलाशी बसून तिला चालतं केलं, थांबवलं, पुन्हा चालतं केलं, जेवायला जाताना चालतं ठेवलं, आणि दर वेळी ती त्या गाडीकडंच जात होती. हडपसरच्या थिएटरात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, ढोलकीवर, सगळीकडं. मी तिला परत आणलं असं मला वाटत होतं.

आबांची गाडी वळणावर दिसली. आई उठली नाही.

"तुझ्या त्या मशीनवर अजून हाय का ती?"

"आहे."

"मग माघारी चालीव तिला. आपल्याकडं तोंड करून."

"मला तिचं तोंड माहीत नाही, आई," मी म्हणाले. हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. "सिनेमातलं तोंड दुसऱ्या कुणीतरी काढलंय."

"ते दिसलं मला. तिचं न्हाय ते." आबांनी हॉर्न वाजवला. आईनं त्यांना हातानंच थांबा म्हणून खुणावलं आणि माझ्याकडं वळून बसली. "काढ कागद. मी सांगती."

आणि आईनं आधी तिचं नाव घेतलं, मग कपाळापासून सांगायला सुरुवात केली.